सीमेवरच्या गावात सामुदायिक रेडिओ: अर्जापासून घटस्थापनेपर्यंत

"परवानगी बेंगळुरूची काढायची की मुंबईची?" बेळगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, वेंगुर्ला रस्त्यावर बाचीच्या अलीकडे, संस्थेतर्फे रेडिओ केंद्र उभं करायचं ठरल्यावर जो तो पहिल्यांदा हेच विचारायचा. उत्तर सोपं आहे, दोन्हीकडची नाही. प्रसारण हा घटनेच्या केंद्र सूचीतला विषय आहे, त्यामुळे परवाना दिल्लीचाच. तरीही राज्याची सीमा या कामात पावलोपावली आडवी येते: मालकीच्या कागदात, जागेच्या उताऱ्यात, देणगीच्या पावतीत, दारावरच्या पाटीत. मार्च २०२४ ला सुरुवात झाली, २२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापनेच्या सकाळी केंद्र हवेत गेलं. या अठरा महिन्यांत काय काय लागलं ते क्रमाने लिहून ठेवतो. निपाणी, खानापूर, चिकोडीकडची कुणी संस्था याच वाटेने निघाली तर तिचे निदान चार-सहा महिने वाचावेत.

मालक कोण, हे आधी ठरवा

सामुदायिक रेडिओ, म्हणजे स्थानिक लोकांनी स्थानिकांसाठी बिनफायद्याने चालवलेलं छोटं केंद्र, २००२ मध्ये फक्त शिक्षणसंस्थांना खुला होता. २००६ च्या धोरणाने नोंदणीकृत सेवाभावी संस्थांनाही दार उघडलं, पण अट अशी की संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या भागातल्या लोकांत तिचं काम दिसलं पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना आल्या. परवान्याची पहिली मुदत पाचावरून दहा वर्षं झाली, जाहिरातीला तासामागे सातऐवजी १२ मिनिटं मिळाली आणि सल्लागार व आशय समितीत निम्म्या स्त्रिया असणं बंधनकारक झालं. एकट्या माणसाला, नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला, राजकीय पक्षाला आणि त्याच्या विद्यार्थी, महिला, कामगार शाखांना केंद्र मिळत नाही. व्यावसायिक एफएमचं गणित निराळं आहे. तिथे शहरवार लिलाव होतो, १५ वर्षांचा परवाना मिळतो, परदेशी भांडवलही ४९ टक्क्यांपर्यंत चालतं. गावाला त्याचा काही उपयोग नाही.

खरी अडचण मालकीची होती. पुढाकार कोल्हापुरातल्या एका विश्वस्त संस्थेचा. कामाचा अनुभव त्यांच्याकडे, बँकेत शिल्लक त्यांच्याकडे. पण त्यांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली, आणि घटनेत कार्यक्षेत्र लिहिलेलं 'महाराष्ट्र राज्य'. मास्ट, म्हणजे अँटेनाचा उंच खांब, उभा राहणार कर्नाटकात. कार्यक्षेत्र बदलायचं तर आधी ठराव, मग बदल अर्ज, मग सुनावणी. आणि तेवढं करूनही 'या भागात तीन वर्षं काम केल्याचा पुरावा' कुठून आणणार, हा प्रश्न राहतोच. दोन महिने त्यावर खल करून शेवटी रस्ता बदलला. इथल्याच गावात, कर्नाटक संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेली, वाचनालय आणि बचत गटांचं काम करणारी जुनी संस्था होती. अर्ज तिच्या नावाने केला. कोल्हापूरची संस्था फक्त देणगीदार राहिली.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. परवाना दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. अर्ज एकाचा आणि कारभार दुसऱ्याचा, असा आतला करार केला तर तो पुढे केंद्राच्या गळ्याशी येतो. देणगीपत्रात आम्ही स्पष्ट लिहून घेतलं की देणगीदाराला कार्यक्रम, नेमणुका आणि यंत्रसामग्री यांवर कसलाही हक्क राहणार नाही. लिहायला जड गेलं, पण हेच पत्र नंतर चौकशीत कामी आलं.

आणखी एक. सीमाभागात संस्थेच्या कार्यकारिणीत कुणी ना कुणी पक्षाचा किंवा एकीकरण समितीचा पदाधिकारी असतोच. अर्जाआधी अशा दोघांनी संस्थेतली पदं सोडली आणि नव्या कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे दाखल करून तिची सही-शिक्क्याची प्रत घेतली. अर्ज गेल्यावर हे बदल करू नका. दिल्लीतली यादी आणि निबंधकांकडची यादी जुळली नाही की पत्रव्यवहार पुन्हा पहिल्यापासून.

देणग्यांबद्दल सांगायचं तर, आखातात नोकरी करणाऱ्या माणसाचा पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसा त्याच्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत आला असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं आहे, त्याचे पाच हजारसुद्धा परदेशी देणगीच ठरतात आणि त्यासाठी परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी लागते. आमच्याकडे ती नव्हती. असे दोन धनादेश आभार मानून परत केले.

अर्ज आणि सीमेपलीकडची गावं

अर्ज 'ब्रॉडकास्ट सेवा' पोर्टलवर भरायचा, प्रक्रिया शुल्क २,५०० रुपये. नोंदणी प्रमाणपत्र, नियमावली, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि वार्षिक अहवाल, कार्यकारिणीची माहिती, खर्चाची तजवीज, कार्यक्रमांचा आराखडा, नकाशा, इतकं तयार ठेवा. आमचा बराचसा कागद कन्नडमध्ये होता: जागेचा उतारा, पंचायतीचं ना-हरकत पत्र, निबंधकांकडची यादी. काही अहवाल मराठीत. सगळ्याचं इंग्रजी भाषांतर आणि नोटरी यात ११,४०० रुपये आणि तीन आठवडे गेले. पीडीओसाहेबांकडून (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून) ना-हरकत घेताना 'मोबाईल टॉवर' नव्हे, 'सामुदायिक रेडिओचा अँटेना मास्ट' असेच शब्द लिहून घ्या. आमच्या पहिल्या पत्रात टॉवर लिहिलं गेलं आणि ग्रामसभेत त्यावरून अकारण शंका निघाल्या.

सेवाक्षेत्रातल्या गावांची नावं अर्जात द्यावी लागतात, आणि प्रक्षेपकाची जागा त्याच क्षेत्रात असावी लागते. माझ्या मते सीमेवरच्या संस्थेसाठी अर्जातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना हाच. अशा केंद्राची पोच ५ ते १० किलोमीटर. नकाशावर वर्तुळ काढलं तर त्यात उचगाव, तुरमुरी, बाची, बेकिनकेरे, कुद्रेमनी येतात, आणि चंदगड तालुक्यातली शिनोळी, देवरवाडी, सुरुतेही येतात. अनेकांचा सल्ला होता की महाराष्ट्रातली गावं लिहूच नका, उगाच प्रश्न निघतील. आम्ही ती लिहिली. आवाज तिथे जाणारच आहे, मग कागदावर लपवायचा कशासाठी?

अपेक्षेप्रमाणे जुलै २०२४ मध्ये विचारणा आली: दुसऱ्या राज्यातली गावं तुमच्या समुदायात कशी? उत्तरात भाषेचा किंवा भावनेचा मुद्दा आम्ही काढलाच नाही. रोजचा व्यवहार दाखवला. चंदगडची रताळी बेळगावच्या मार्केट यार्डात येतात, त्या शेतकऱ्यांच्या विक्रीच्या पट्ट्यांच्या प्रती जोडल्या. वाचनालयाच्या नोंदवहीतली शिनोळी, देवरवाडीची सभासदपानं जोडली. शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या इकडच्या बायकांच्या बचत गटाचा ठराव जोडला. सल्लागार व आशय समितीत दोन सदस्य पलीकडच्या गावांतून घेतले, त्यातली एक अंगणवाडी सेविका. उत्तर २२ पानी झालं. पुन्हा त्यावर प्रश्न आला नाही.

त्यानंतर वाट पाहणं. गृह आणि संरक्षण मंत्रालयाकडे फाईल जाते. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र, त्यामुळे इथे ही तपासणी बारकाईने होणार हे धरूनच चाला. स्थानिक पोलीस चौकशीलाही येतात. त्यांच्यासाठी कार्यकारिणीच्या प्रत्येकाचा ओळखीचा पुरावा, जागेचा उतारा आणि अर्जाची प्रत एका फाईलमध्ये बांधून ठेवली होती. चौकशी पाऊण तासात उरकली. इरादापत्र, म्हणजे परवाना द्यायची तयारी कळवणारं पत्र, हातात पडलं नोव्हेंबर २०२४ मध्ये. त्याची मुदत एक वर्ष असते, आणि ते एक वर्ष वाटतं तेवढं मोठं नाही.

लहरीचा आकडा आणि जागेचे अंश-कला-विकला

इरादापत्रानंतर एका महिन्यात दूरसंचार खात्याच्या, लहरी वाटून देणाऱ्या डब्ल्यूपीसी शाखेकडे 'सरल संचार' पोर्टलवर दुसरा अर्ज: लहर (फ्रिक्वेन्सी) मिळण्यासाठी आणि सॅकफाच्या मंजुरीसाठी. सॅकफा म्हणजे मास्टची जागा आणि उंची विमानांना, लष्कराला किंवा इतर यंत्रणांना आड येत नाही ना, हे पाहणारी समिती. बेळगाव शहरात केएलई संस्थेचं वेणुध्वनी ९०.४ वर आधीपासून आहे. तेव्हा आपल्याला दुसरी लहर मिळणार हे गृहीत धरा आणि ती हातात येण्याआधी पाटी, पत्रकं, नामशीर्षक काही छापू नका.

आमची इथे एक चूक झाली, ती सविस्तर सांगतो. पहिल्या पोर्टलवर जागेचे अक्षांश-रेखांश दशांशात दिले होते. दुसरीकडे अंश, कला, विकला (डिग्री, मिनिट, सेकंद) असे द्यायचे होते. रूपांतर करताना दशांशानंतरचे आकडे तसेच्या तसे कला-विकला म्हणून लिहिले गेले. दशांशाला ६० ने गुणून कला काढायच्या, उरलेल्या दशांशाला पुन्हा ६० ने गुणून विकला. एक विकला म्हणजे जमिनीवर साधारण ३० मीटर, एक कला म्हणजे जवळपास पावणेदोन ते दोन किलोमीटर. त्यामुळे कागदावरचा मास्ट भलत्याच गावच्या भाताच्या खाचरात गेला. दुरुस्तीत सात आठवडे गेले. जागेवर उभं राहून मोबाईलवर मोजा, मास्टच्या पायाच्या मधोमध मोजा, तो आकडा एका कागदावर लिहून चिकटवा आणि सगळीकडे तोच वापरा. समुद्रसपाटीपासूनची उंची, जमिनीपासून मास्टची उंची आणि विमानतळापासूनचं अंतरही लागतं. उंची मोजताना वीजरोधकाचं टोकसुद्धा धरा.

नियमाने अँटेना जमिनीपासून कमीत कमी १५ मीटर आणि जास्तीत जास्त ३० मीटर. इमारतीच्या गच्चीवर मास्ट लावला तर इमारतीची उंचीही त्यातच मोजली जाते. आम्ही जमिनीवरच, तारांनी ताणून धरलेला मास्ट घेतला.

सॅकफाची मंजुरी मे २०२५ मध्ये आली. पण मास्टचा पाया आम्ही एप्रिलातच भरून घेतला होता, आणि हा निर्णय बरोबर ठरला. माहिती व प्रसारण मंत्रालयाशी परवान्याचा करार झाल्यावर तीन महिन्यांत केंद्र सुरू करायचं असतं. आमचा करार, ज्याला सगळे 'गोपा' म्हणतात, २ जुलैला झाला. बेळगावच्या पश्चिम पट्ट्यात जुलै-ऑगस्टचा पाऊस काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. त्या चिखलात खड्डे काढून काँक्रीट सुकवणं जमलंच नसतं. करारावेळी २५,००० रुपयांची बँक हमी द्यावी लागली. ती राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत मिळते, मात्र मसुदा शब्दशः मंत्रालयाचाच हवा. शाखेचा नेहमीचा मसुदा चालत नाही.

वॅट, केबल आणि वीज

कमाल प्रभावी प्रसारणशक्ती १०० वॅट. हा प्रक्षेपकाचा आकडा नव्हे, केबलमधली घट वजा करून आणि अँटेना शक्ती एका दिशेला एकवटते तो लाभ धरून येणारा आकडा. आमचा प्रक्षेपक ५० वॅटचा. दोन थरांच्या अँटेनामुळे शक्ती साधारण दुप्पट होते, म्हणजे १००. त्यातून ४० मीटर अर्धा इंची केबल आणि जोडण्यांत एक डेसिबलच्या थोडं वर जातं, हातात उरतात सुमारे ७८ वॅट. तीच लांबी स्वस्तातल्या बारीक केबलने ओढली असती तर ५४ वॅटवर आलो असतो. पैसे वाचवायचे तर टेबल-खुर्च्यांत वाचवा, केबलमध्ये नको. आणि प्रक्षेपकाचे मान्यतेचे कागद हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

अर्थिंगवर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. इथली जांभ्याची तांबडी माती उन्हाळ्यात कोरडीठाक पडते आणि रोध वाढतो. जुलैत मोजून 'छान आहे' म्हणणारा ठेकेदार फसवत नसेल, पण आकडा फसवा असतो. मोजणी मे महिन्यात करा. तांब्याच्या पत्र्याचे दोन खड्डे, कोळसा आणि मीठ, वरून पाणी घालायला नळी, दोन्ही खड्डे पट्टीने जोडलेले. पाच ओहमच्या आत यायलाच हवं, दोनपर्यंत आलं तर उत्तम. मास्टचं अर्थिंग आणि स्टुडिओच्या विजेचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं हवं. वेगळं ठेवलं तर वळवाची एक वीज जवळ पडली की दोन्हींमधल्या दाबाच्या फरकाने मिक्सर जळतो.

स्टुडिओ बारा बाय दहा फुटांचा. पत्र्याच्या खोलीत करू नका, पावसाळ्याचे चार महिने ध्वनिमुद्रण होणार नाही. स्लॅबची खोली शोधा. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावायची पद्धत आहे, त्याने बाहेरचा आवाज अडत नाही. गावातल्या बायकांनी दिलेल्या जुन्या वाकळा भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून लाकडी चौकटीत ताणल्या, घुमारा गेला.

खर्च असा झाला: प्रक्षेपक, अँटेना, केबल मिळून ४ लाख, मास्ट २ लाख ४० हजार, स्टुडिओ २ लाख १० हजार, यूपीएस आणि बॅटऱ्या ८५ हजार, अर्थिंग ३८ हजार, दिल्लीच्या फेऱ्या २६ हजार. भाषांतर धरून १० लाखांच्या किंचित वर. बँक हमी आणि लहरीचं वार्षिक शुल्क वेगळं. दारावरची पाटी करताना कर्नाटकात ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. आम्ही वर कन्नड, खाली मराठी अशी एकाच रंगात, एकाच वळणाची अक्षरं काढून घेतली. पाटी सुरेख दिसते.

हवेत

वायरलेस ऑपरेटिंग लायसन्स सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. ते येईपर्यंत अँटेनाला जोडून एक मिनिटही प्रसारण करायचं नाही. चाचणी डमी लोडवर, म्हणजे अँटेनाच्या जागी जोडायच्या, शक्ती हवेत न सोडणाऱ्या रोधावर करा. त्या चाचणीत आमच्या लक्षात आलं की 'स', 'श' कानाला टोचतात. प्रक्षेपकात उंच स्वर चढवण्याची (प्री-एम्फसिसची) ठेवण ७५ मायक्रोसेकंदांची, अमेरिकन होती, आपल्याकडे ५० लागतात. एक बटण फिरवायचं होतं, पण माहीत नसतं तर महिनाभर मायक्रोफोन बदलत बसलो असतो.

पहिल्या आठवड्यात दुचाकीवर खिशातला रेडिओ घेऊन गावोगाव ऐकलं आणि वहीत लिहिलं. कुद्रेमनीत स्वच्छ, शिनोळीत स्वच्छ, देवरवाडीला वैजनाथच्या डोंगराआड खरखर. शक्ती वाढवायला मुभा नाही. १०० च्या वर, २५० वॅटपर्यंत जायचं तर गरज सिद्ध करून वेगळी मंजुरी लागते. आम्ही स्टिरिओ बंद करून मोनो केलं. बोलण्याच्या कार्यक्रमांना स्टिरिओची गरजच नाही, आणि खरखर बरीच कमी झाली. डोंगराला अगदी चिकटून असलेल्या काही घरांत अजूनही नीट लागत नाही. त्यांना आम्ही तसं स्पष्ट सांगितलं आहे.

काय बोलायचं आणि काय नाही, हे सीमेवर जास्त जपावं लागतं. बातम्या द्यायच्या तर आकाशवाणीच्या, जशाच्या तशा. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याची तारीख लागली की फोन येतात, "काय झालं ते सांगा की!" सांगता येत नाही. हवामान, परीक्षांचे निकाल, नोकरीच्या जागा, पाणी-विजेच्या सूचना, पूर-वादळाचा इशारा हे बातम्यांत मोडत नाही, ते मोकळेपणाने देतो. दोन्ही राज्यांच्या दहावीच्या तारखा वेगळ्या, सुट्ट्या वेगळ्या, पीक विम्याची मुदत वेगळी, म्हणून प्रत्येक सूचनेआधी 'इकडच्यांसाठी' किंवा 'चंदगडकडच्यांसाठी' हे आधी सांगायचं असा दंडक घातला आहे. निम्मा आशय स्थानिक लोकांच्या सहभागातून यायला हवा आणि भाषा शक्यतो त्यांचीच. बोलणाऱ्याने 'पण'च्या जागी 'खरं' म्हटलं, मध्येच कन्नड शब्द आला, तर संपादन करताना तो कापत नाही. कन्नड बोलणाऱ्या घरांसाठी रोज संध्याकाळी एक तास कन्नडमध्ये असतो, तो त्यांच्यातलेच करतात.

प्रसारित केलेलं सगळं तीन महिने जपून ठेवावं लागतं. रोज सहा तास, १२८ केबीपीएसने, म्हणजे तीन महिन्यांचे साधारण ३१ जीबी. दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. नियम मोडला तर पहिल्या वेळी महिनाभरापर्यंत, दुसऱ्या वेळी तीन महिन्यांपर्यंत परवाना स्थगित होऊ शकतो. तक्रार आली की आपल्या बाजूने उभा राहणारा पुरावा हाच.

ऑक्टोबरच्या पहिल्या परतीच्या पावसात प्रक्षेपकावरचा, अँटेनाकडून उलट फिरून येणारी शक्ती दाखवणारा काटा एक वॅटवरून सहावर गेला. ५० वॅटला दोन वॅटपर्यंत चालतं, पाच-सहाला यंत्र स्वतःला वाचवायला शक्ती कमी करतं. प्रसारण थांबवून मास्टवर चढून जोडणी उघडली तर आतून चमचाभर पाणी निघालं. टेप वरून खाली गुंडाळली होती, त्यामुळे प्रत्येक वेढ्याची कड वर तोंड करून पाणी धरत होती. आता स्वतःला चिकटणारी रबरी टेप खालून वर, कौलं चढवतात तशी गुंडाळली आहे, आणि जोडणीच्या खाली केबलला एक झोल दिला आहे, म्हणजे ओघळ तिथून गळून पडतो. रोज सकाळी प्रसारणाआधी तो काटा बघून वहीत लिहायचं काम समितीतल्या एकीकडे आहे. कालचा आकडा ०.८.